कपाशीतली फुलीवाली

जालना जिल्ह्यात कीड सर्वेक्षक म्हणून मी कामाला लागले तेव्हा वरिष्ठांनी आधी शिकवलं ते पान उलटून बघायला. कपाशीचं झाड घ्यायचं, वरचं एक, मधलं एक, खालचं एक अशी तीन पानं बघायची. पानामागं तुडतुडे किती, फुलकिडे किती, पांढरी माशी किती, मावा आहे का, हे मोजून वहीत लिहायचं आणि पुढच्या झाडाकडं जायचं. राज्यात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी हाहाकार माजवला, आणि त्यानंतर २००९ पासून कृषी विभागानं कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ला प्रकल्प हाती घेतला. खात्यात सगळे त्याला ‘क्रॉपसॅप’ म्हणतात. गावोगावच्या ठरलेल्या प्लॉटमधून आम्ही आकडे पाठवायचे आणि त्यावरून सल्ला निघायचा. काम मला मनापासून आवडायचं, अजूनही आवडतं. पण पान उलटायची सवय लागली की नजर पानापुरती होते. दोन झाडांमधल्या मोकळ्या जागेत काय चाललंय, तिकडं लक्षच जात नाही.

मला तिकडं बघायला लावलं ते बदनापूर तालुक्यातल्या, कापूस वेचणाऱ्या एका मावशींनी. दसरा होऊन गेला होता, पहिली वेचणी चालू होती. बाया ओळीनं पुढं सरकत होत्या. या मावशी मात्र एका ठिकाणी ओळ सोडून बाजूनं वळल्या आणि पुढं जाऊन परत ओळीला लागल्या. मी त्याच ओळीत सरळ शिरायला लागले तशा म्हणाल्या, “तिकून नका येऊ ताई, तिचं जाळं मोडंन. बाजूनं या.”

कमरेच्या उंचीवर, दोन झाडांच्या फांद्यांमध्ये एक गोल जाळं होतं. मधोमध कोळीण बसलेली, डोकं खाली. आठ पाय दोन-दोन जोडून चार दिशांना ताणलेले, त्यामुळं आठ नाही, चारच पाय असल्यासारखे दिसत होते. त्या पायांच्याच रेषेत जाळ्यावर पांढऱ्या, नागमोडी रेशमाची फुली घातलेली. पोटावर पिवळे, रुपेरी आणि तपकिरी आडवे पट्टे. मावशी तिला ‘फुलीवाली’ म्हणाल्या. पुढं आमच्या शेतीशाळेत हेच नाव रूढ झालं आणि मीही तेच वापरते.

पुस्तकातलं तिचं नाव अर्जिओपी अनसुजा. इंग्रजीत तिला सिग्नेचर स्पायडर म्हणतात. टॅमेर्लान थॉरेल या स्वीडिश अभ्यासकानं १८८७ मध्ये ब्रह्मदेशातल्या नमुन्यांवरून तिचं पहिलं वर्णन केलं. भारतभर ती सापडते. आपल्याकडच्या कोळ्यांवरचं मोठं काम पुण्यात झालं, हे मराठी माणसांना फारसं माहीत नसतं. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या पुण्याच्या केंद्रात बी. के. टिकादर यांनी वर्षानुवर्षं कोळी गोळा केले, त्यांची चित्रं काढली. गोल जाळी विणणाऱ्या कोळ्यांच्या कुळावरचा त्यांचा खंड १९८२ मध्ये आला आणि भारतीय कोळ्यांचं हँडबुक १९८७ मध्ये. त्या हँडबुकातल्या काही पानांची झेरॉक्स पुढं बरीच वर्षं माझ्या पिशवीत होती. वहीत घालून वापरून ती पानं घड्यांवर फाटली, पण कपाशीत दिसणाऱ्या बऱ्याच कोळ्यांची ओळख मला त्यांनीच करून दिली.

मादी साधारण एक सेंटिमीटरची, नर तिच्या निम्म्याहून लहान आणि रंगानं फिका. आठ डोळे असूनही या कोळीणीला नीट दिसत नाही. तिचं सगळं जगणं धाग्यांच्या कंपनावर. बोटानं जाळ्याची कड हलकेच दाबली तर ती अख्खं जाळं असं झपाझप हलवते की पट्टे दिसेनासे होतात, नुसती पिवळी धूसर रेघ दिसते. जास्त त्रास दिला तर जाळ्याच्या दुसऱ्या अंगाला जाते, नाहीतर धागा सोडून खाली गवतात उतरते. चावायला ती येत नाही. चुकून हातात दाबली गेली आणि चावली तरी माणसाला तिच्या विषापासून धोका नाही.

फुलीचं म्हणाल तर तिनं मला बरंच गुंतवलं. शेतीशाळेत बायांना विचारलं की ही फुली कशासाठी असेल, तर एक आजी लगेच म्हणाल्या, “नजर लागू नाही म्हणून. लेकराला बिब्ब्याची फुली घालत्यात ना, तशी.” हे उत्तर मी जपून ठेवलं आहे, कारण अभ्यासकांच्या एका मताशी ते चांगलंच जुळतं. पूर्वी असा समज होता की या जाड रेशमानं जाळ्याला बळकटी येते. तो आता मागं पडला आहे. अमेरिकेत थॉमस आयस्नर आणि स्टीफन नोविकी यांनी १९८३ मध्ये एक सोपा प्रयोग छापला. रिकाम्या जाळ्यांवर कागदाच्या खोट्या फुल्या लावल्या, तर तशी जाळी सकाळी उशिरापर्यंत टिकली. फुली नसलेली बरीच जाळी लवकर मोडली. म्हणजे उडत्या पाखराला फुली दुरून दिसते आणि ते जाळं टाळून जातं. नजर चुकवायची ती पाखराची. पण १९९० मध्ये कॅथरीन क्रेग आणि गॅरी बर्नार्ड यांनी दुसरंच दाखवलं. हे रेशीम अतिनील प्रकाश परावर्तित करतं, किड्यांना तो दिसतो आणि ते तिकडं ओढले जातात. त्यानंतर दोन्ही बाजूंनी पुष्कळ पुरावे आले, आणि काही अभ्यासांत तर फुलीमुळं शिकार कमीच मिळाल्याचं दिसलं.

मी काही प्रयोग केलेला नाही, पण रोज त्याच वाटेनं जाताना जे दिसलं ते सांगते. एकाच कोळीणीच्या जाळ्यावर कधी चारही बाहू असतात, कधी दोन, कधी खाली एकच तुकडा, आणि एखाद्या सकाळी काहीच नाही. लहान पिल्लं तर फुली न घालता मधोमध गोल ठिपक्यासारखं रेशीम भरतात. फुलीचं एकच एक कारण असेल असं मला वाटत नाही. कोतवाल आणि वेडे राघू ज्या बांधावर बसतात तिथं तिचा एक उपयोग, आणि दाट कपाशीत दुसरा, असंही असू शकेल.

जाळं विणताना बघायचं तर मात्र फुलीवाली सोयीची नाही. ती ते काम अंधारात, पहाटेच्या आत उरकते. त्यासाठी मोसंबीच्या बागेत दिवस मावळायला जावं. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच बागांत संध्याकाळी दोन झाडांमधल्या रस्त्यावर निओस्कोना गटातल्या करड्या-तपकिरी, जाडसर पोटाच्या कोळीणी उतरतात. बहुतेक जणी दिवसा पानाच्या आडोशाला पाय दुमडून बसतात. अंबड भागातल्या एका बागेत मी बॅटरीवर लाल कागद लावून बसले होते आणि डासांनी फोडून काढलं तरी उठवेना.

ती फांदीच्या टोकाला आली, पोट वर उचललं आणि एक धागा वाऱ्यावर सोडला. तो समोरच्या झाडाला लागला हे तिला ताणावरून कळलं. मग धागा ओढून घट्ट करून ती त्यावरून पलीकडं गेली, जाताना दुसरा पदर घालत. या आडव्या धाग्याच्या मधून ती खाली लोंबली आणि खालच्या फांदीला तो बांधला, तेव्हा इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा एक आकार तयार झाला. तिथून मध्यापासून कडेपर्यंत आरे टाकणं सुरू. प्रत्येक आरा टाकल्यावर ती मध्यावर येऊन पायांनी चाचपत होती. दोन आऱ्यांमधली जागा जास्त वाटली की तिथं नवा आरा. आरे झाले की मध्यापासून बाहेर एक विरळ, कोरडा वेढा घातला. त्याच्यावर पाय ठेवत ती उलटी, म्हणजे बाहेरून आत, चिकट धाग्याचा दाट वेढा घालू लागली आणि जाता जाता तो कोरडा वेढा तोडून काढू लागली. चौथ्या पायानं धागा ओढायचा, आऱ्याला टेकवायचा, पुढं सरकायचं. हे सगळं तासाभराच्या आत झालं. चिकट फक्त तो वेढा. आरे कोरडे असतात आणि ती त्यांच्यावरूनच चालते.

या कामासाठी तिच्या पोटात रेशमाच्या वेगवेगळ्या ग्रंथी आहेत. लोंबायचा धागा एकीतून, वेढ्याचा लवचीक धागा दुसरीतून, त्यावरचा डिंक तिसरीतून. शिकार गुंडाळायला आणि फुली घालायला आणखी एक, अंड्यांच्या थैलीसाठी निराळी, आणि धागा फांदीला चिकटवायला निराळी. डिंकाचे थेंब हवेतली ओल ओढून घेतात म्हणून ते चिकट राहतात. जालना सळईचं शहर आहे. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांचा उजेड रात्री लांबून दिसतो. कोळीणीचा लोंबायचा धागा वजनाच्या हिशेबानं पोलादाहून मजबूत असतो, आणि तो ती भट्टीशिवाय, अंगातल्या प्रथिनांच्या पाणीदार द्रावातून, साध्या हवेच्या तापमानाला काढते. ही गोष्ट मी त्या कारखान्यांत काम करणाऱ्या दोन-तीन शेतकऱ्यांच्या मुलांना सांगितली आहे. ती पोरं पुढच्या वेळी जाळं बघायला आपणहून शेतात आली.

दुसऱ्या दिवशी जाळं जुनाट झालेलं असतं. धूळ बसते, डिंक वाळतो. तेव्हा ती ते गोळा करून खाऊन टाकते आणि त्याच प्रथिनांतून पुन्हा नवं विणते. रेशीम वाया जात नाही. पण फवारणी झालेल्या शेतात हाच गुण तिच्या जिवावर उठतो. जाळ्याच्या धाग्यांवर औषधाचे बारीक थेंब बसतात आणि जाळं खाताना ते तिच्या पोटात जातात. पंपाच्या फवाऱ्यातून ती वाचली तरी नंतर मरू शकते. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं कोळ्यांना फार मारक. ती मारलेल्या शेतात पुढं काही आठवडे मला गोल जाळी जवळजवळ दिसली नाहीत, आणि त्याच शेतांत बऱ्याचदा पांढरी माशी वाढलेली दिसली. पांढरी माशी वाढण्याची कारणं अनेक असतात, हे मला माहीत आहे. पण मित्रकीटक संपले की ती वाढते, ही गोष्ट कपाशीच्या शास्त्रात पक्की आहे.

नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘पोकरा’त, जालना जिल्हा आला आणि शेतीशाळा सुरू झाल्या, तेव्हा मला हे सगळं बोलायला जागा मिळाली. शेतीशाळेत वर्ग नसतो. गटानं प्लॉटमध्ये जायचं, झाडं बघायची, मग झाडाखाली बसून मोठ्या कागदावर चित्र काढायचं. मधे कपाशीचं झाड, एका बाजूला शत्रुकीड, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक. ढालकिडा, क्रायसोपा आणि कोळी यांना मित्रांच्या बाजूला जागा. चित्रावर बोलून फवारायचं की नाही ते गटानंच ठरवायचं. इथं मी जाळं बघण्याची एक सवय घालायचा प्रयत्न केला. जाळ्यात काय अडकलंय ते बघा. कालपासून आजपर्यंत या जागेतून काय उडत गेलं, त्याचा तो पुरावा असतो. तुडतुड्यांचे पंख असतात, डास आणि चिलटं असतात, नाकतोड्याचा एखादा पाय असतो. फुलीवाली बहुतेक शिकार आधी रेशमानं गुंडाळते आणि मग चावते. तोंडातून पाचक रस सोडून आतलं मांस पातळ करते, ते शोषून घेते आणि उरलेलं टरफल खाली टाकते. म्हणून जाळ्याखालच्या पानावरही नजर टाकायला मी सांगते.

एकदा यजमान शेतकऱ्यानं, म्हणजे ज्याच्या प्लॉटवर शेतीशाळा भरायची त्यानं, थेट विचारलं, “ताई, ही बोंडअळीचा पतंग खाती का? नाही तर काहून जपायची?”

हा प्रश्न २०१७ नंतरचा होता. त्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रातल्या कपाशीचं अतोनात नुकसान केलं. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. २००२ पासून बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळीची चिंता गेली असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यामुळं विचारणाऱ्याच्या आवाजातला राग मला समजत होता आणि त्याला गोड गोड उत्तर देणं मला योग्य वाटलं नाही. मी सांगितलं, पतंग तिच्या हातून पुष्कळदा निसटतो. पतंगाच्या पंखांवर सैल खवले असतात. ते डिंकाला चिकटून राहतात आणि पतंग सुटून जातो. जाळ्यावर धुरकट भुकटीचा पट्टा दिसला तर समजावं की इथून पतंग निसटला. अर्जिओपी गटातल्या कोळीणींना हे जणू माहीत असतं. बाकीची शिकार त्या आधी गुंडाळतात, पण पतंग किंवा फुलपाखरू आलं की धावत जाऊन आधी चावतात, गुंडाळणं नंतर. तरी बोंडअळीचा बंदोबस्त कोळीण करेल अशा भरवशावर कुणी राहू नये. त्यासाठी कामगंध सापळे लावायचे, सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग आले की सावध व्हायचं, आणि फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून जादा वेचणी, घ्यायची नाही. कोळीण मधमाशीही खाते, हेसुद्धा मी लपवलं नाही. मोसंबी फुलावर असताना ते दिसतंच.

“मग उपयोग काय?” तो पुन्हा म्हणाला.

मी त्याला त्याच्याच प्लॉटचा कागद दाखवला. तुडतुडे दर पानामागं दोन-तीनच्या नुकसान पातळीपर्यंत आलेले नव्हते. बांधाजवळच्या ओळींत जाळी भरपूर होती आणि त्यांत तुडतुडेच जास्त होते. शेजारच्या रानात फवारा चालू होता म्हणून यालाही हात शिवशिवत होते. गटानं ठरवलं की या आठवड्यात थांबायचं, फार तर पाच टक्के निंबोळी अर्क मारायचा. पुढच्या खेपेला मोजलं तेव्हा तुडतुडे पातळीच्या खालीच होते. मधे एक चांगला पाऊसही झाला होता आणि पावसानं तुडतुडे झडतात, त्यामुळं श्रेय कुणाचं किती हे मी सांगणार नाही. पण एका फवारणीचे पैसे वाचले आणि एका माणसाचं एक दिवस विषात उभं राहणं वाचलं. माझ्या दृष्टीनं कोळीणीचा खरा उपयोग हाच. तिला बघायला माणूस शेतात थांबतो, आणि थांबलेला माणूस विचार करून फवारतो.

कोळी म्हटलं की दोन गैरसमज पुन्हा पुन्हा आडवे येतात. पहिला दुकानातला. मोसंबीवर आणि उन्हाळी भेंडी-वांग्यावर जी बारीक लाल कीड येते तिलाही ‘लाल कोळी’ म्हणतात आणि तिच्यावरचं औषध ‘कोळीनाशक’ म्हणून विकलं जातं. ती कीड पानातला रस शोषते. तिचं अंग एकसंध, टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान. जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या अंगाचे बारीक कमरेनं जोडलेले दोन भाग साध्या डोळ्यांनी दिसतात आणि तो पानाला तोंडही लावत नाही. दोन्ही एकाच नावाखाली आल्यामुळं जाळी दिसली की कोळीनाशक मारलेलं मी पाहिलंय. दुसरा गैरसमज बायांचा. कोळी अंगावरून गेला की फोड येतात, आग होते, असं त्या सांगतात. फोड खरे असतात, त्यांचं दुखणंही खरं असतं. पण पावसाळ्यात दिव्याला येणारा एक बारीक, लांबट, नारिंगी-काळा किडा असतो, पेडेरस नावाचा. तो अंगावर चिरडला की त्याच्या अंगातल्या विषानं कातडी जळते, आणि बरेच फोड त्याचे असतात. सकाळी उठल्यावर फोड दिसतो, भिंतीवर कोळी दिसतो, आणि आळ कोळ्यावर येतो. हा किडा अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर घालून उडवा आणि जागा साबणानं धुवा, एवढं सांगितल्यावर वेचणीच्या बाया जाळ्याला कमी घाबरू लागल्या.

कोळीणीला शत्रू कमी नाहीत. विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत भिंतीला मातीची छोटी घरटी असतात, ती कुंभारीण माशीची. तसलं एक घरटं गळून फुटलं होतं. त्याच्या प्रत्येक कप्प्यात लहान लहान कोळी खच्चून भरलेले होते, त्यांत करड्या निओस्कोनाही होत्या. ते मेलेले नव्हते. माशी नांगी मारून त्यांना लुळं करते, आणून भरते, त्यांच्यावर एक अंडं घालते आणि कप्पा लिंपून टाकते. अंड्यातून आलेली अळी हे ताजं अन्न खात वाढते. शेतीशाळेतल्या मुलीबाळींना हे बघवलं नाही. मलाही सहज बघवलं नव्हतं. फुलीवालीच्या जाळ्यात कधी कधी रुपेरी ठिपक्यांसारखे बारीक चोर कोळीही राहतात. ते स्वतःचं जाळं टाकायच्या भानगडीत न पडता तिच्या जाळ्यातली बारीक शिकार पळवतात.

नर तिच्या जाळ्याच्या कडेला येतो तेव्हा भाद्रपद-आश्विन असतो. तो आधी एका बारीक जाळ्यावर आपलं वीर्य सोडून तोंडाजवळच्या दोन मिश्यांसारख्या अवयवांत भरून घेतो. मग मादीच्या जाळ्याला एक धागा जोडून तो धागा छेडत राहतो, आपण शिकार नाही हे कळावं म्हणून. तिला पटलं तर ती धाग्याकडं येते. मिलनानंतर ती पुष्कळदा त्याला खाते. हे ऐकून बाया हसतात आणि पुरुष गप्प होतात, प्रत्येक गावात असंच होतं. मग मादीचं पोट फुगतं आणि ती जाळ्याजवळच्या झुडपात रेशमाची थैली टांगते. आत शेकडो अंडी असतात. पिल्लं थैलीतच एकदा कात टाकतात आणि मगच बाहेर येतात.

मला सगळ्यात अवघड वाटतं ते इथंच. डिसेंबर-जानेवारीत आम्हीच सांगतो की पऱ्हाटी, म्हणजे वेचून झालेली कपाशीची झाडं, शेतात ठेवू नका, उपटा, श्रेडरनं बारीक करा, म्हणजे गुलाबी बोंडअळीचं चक्र तुटेल. हा सल्ला बरोबर आहे आणि मी तो ठामपणे देते. पण पऱ्हाटीवर कोळीणींच्या थैल्याही असतात, आणि त्या तिच्यासोबत जातात. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेले तुरीचे वाण या भागात भरपूर पेरले जातात. कपाशीत तुरीच्या ओळी असल्या तर त्या उंच असतात आणि बऱ्याच कोळीणी तिथं जातात. पण तूरही काढायचीच असते. शेवटी उरतो तो बांध. तरवड, बोर, रुई, हिवर, कुठं घायपाताची रांग. तिथं नांगर जात नाही, तिथं जाळी बारा महिने राहू शकतात.

शेतीशाळेतल्या तीन-चार बायांनी पऱ्हाटी उपटताना थैल्या असलेली काड्यांची टोकं मोडून बांधावरच्या तरवडाला सुतळीनं बांधली. काही थैल्यांना भोकं पडलेली सापडली, काही पाखरांनी नेल्या. काहींतून मात्र पिल्लं आली, मोहरीएवढीही नाहीत, आणि फांद्यांच्या टोकांना जमा झाली. पोट वर करून धागा सोडला की अशी पिल्लं उडून जातात. १८३२ मध्ये बीगल जहाजावर, किनाऱ्यापासून साठ मैल आत समुद्रात, दोरांवर हजारो बारीक कोळी उतरलेले डार्विननं पाहिले होते. २०१८ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी दाखवलं की वारा नसतानाही हवेतल्या विजेच्या क्षेत्राच्या बळावर कोळी उचलले जाऊ शकतात.

हे ऐकल्यावर यजमान शेतकरी म्हणाला, “म्हंजे आपण जपायची आन् ती भावाच्या रानात जायची.”

त्याच्या थोरल्या भावाचं रान बांधाला लागूनच. दोघांचं बोलणं बरेच दिवस बंद होतं, आणि थोरला दर एप्रिलमध्ये बांध पेटवून देत असे. मी म्हटलं, जातील काही, आणि त्यांच्या बांधावरची काही तुमच्याकडं येतील, म्हणून त्यांनाही पुढच्या शेतीशाळेला बोलवा. धाकट्यानं बोलावलं नाही. त्याच्या बायकोनं जावेला बोलावलं. थोरली जाऊ आली, तरवडावरची पिल्लं बघितली, आणि विहिरीपासून आंब्यापर्यंतचा तुकडा यंदा पेटवायचा नाही असं घरी सांगते म्हणाली. त्यापुढच्या बांधाचं अजून ठरलेलं नाही. मार्चअखेर मी परत जाणार आहे.